इंदूरहून पचमढीला मंडळाचं शिबिर नेताना

पचमढीला साठ-सत्तर जणांचं शिबिर किंवा वार्षिक बैठक न्यायची ठरली, की इंदुरातली मंडळं बहुधा पहिल्याच सभेत कार्यक्रमपत्रिका लिहायला बसतात. उद्घाटन किती वाजता, वक्ते कोण, रात्री गाणार कोण. हा क्रम उलटा करा. डोंगरावरच्या गावात आधी मोजायचे ते उजेडाचे तास, मग गाड्यांमधल्या जागा, मग खोल्या. यातून जो वेळ उरेल त्यात व्याख्यानं बसवायची. इंदुरात कार्यक्रम तासभर लांबला तर जेवायला उशीर होतो, बस. पचमढीत तोच तास लांबला तर धूपगड शिखरावरचा सूर्यास्त हातचा जातो, नाहीतर घाट अंधारात चढावा लागतो.

पुढचे सगळे आकडे साठ माणसांचे आहेत. तुमची संख्या वेगळी असेल तर त्याच प्रमाणात कमी-जास्त करा.

तारीख

दसरा आटोपल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत (दिवाळीचा आठवडा सोडून) आणि मकरसंक्रांतीनंतर मार्चअखेरपर्यंत, हे दोन काळ चांगले. हवा कोरडी असते, धबधब्यांना पाणी असतं, रस्ते मोकळे असतात. मे-जूनमध्ये शाळांच्या सुट्ट्या असल्यामुळे खोल्या महागतात आणि जंगलात जाणाऱ्या उघड्या जिप्सी गाड्या मिळत नाहीत. 25 डिसेंबर ते 1 जानेवारी हा आठवडा तर विसराच. त्याच सुमारास पचमढी उत्सवही असतो.

दोन जत्रांच्या तारखा पंचांगात आधी बघून घ्या. महाशिवरात्रीला चौरागडावर त्रिशूळ वाहायला प्रचंड गर्दी लोटते, आणि नागपंचमीच्या आधीचे दहा-बारा दिवस नागद्वारीची यात्रा चालते. नागद्वारीला विदर्भातून लाखो भाविक येतात. त्या दिवसांत घाटाखालच्या पिपरिया गावापासूनच रस्ता भरलेला असतो. भाविक म्हणून जायचं असेल तर जरूर जा, पण बैठक त्यात बसवू नका. शिवाय तो ऐन पावसाचा काळ. दरड, धुकं आणि शेवाळलेल्या पायऱ्या असताना वयस्कर मंडळींना घेऊन जाणं योग्य नाही.

तिसरी अडचण कोणाच्या ध्यानात येत नाही. पचमढी हे जुनं बैठकांचं गाव आहे. इंग्रजांच्या काळात मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात इथे मुक्कामाला यायचं. सप्टेंबर 1998 मध्ये काँग्रेसचं विचारमंथन शिबिर इथेच झालं, मार्च 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाचं चिंतन शिबिर झालं आणि 3 जून 2025 ला मंत्रिमंडळाची बैठकही इथेच भरली. असा कार्यक्रम असला की पर्यटन विकास निगमची हॉटेलं सरकारी कामासाठी राखली जातात, रस्त्यांवर बंदोबस्त असतो आणि सामान्य आरक्षणं मागे पडतात. म्हणून हॉटेलला पहिला फोन कराल तेव्हाच विचारा, ‘या तारखांना काही सरकारी कार्यक्रम आहे का?’ आरक्षण झाल्यावर, जायच्या महिनाभर आधी, हाच प्रश्न पुन्हा विचारा.

आठवड्याचे वार निवडता येत असतील तर रविवार दुपार ते बुधवार हे सर्वांत सोयीचं. शनिवार-रविवारी भोपाळ आणि जबलपूरची गर्दी असते. निवृत्त मंडळींच्या गटांनी तरी शनिवारचा हट्ट धरू नये.

दोन रात्री की तीन

इंदूर ते भोपाळ सुमारे 190 किलोमीटर आणि भोपाळ ते पचमढी आणखी सुमारे 200. मोटारीने आठ तास धरा, पण चहा, जेवण आणि थांबे जमेला धरले तर बसला नऊ-दहा तास लागतात. म्हणजे दोन रात्री-तीन दिवसांच्या कार्यक्रमात पहिला आणि तिसरा दिवस रस्त्यातच जातो आणि हातात एकच दिवस उरतो. त्या एका दिवसात चार सत्रं, धूपगड, बी फॉल धबधबा आणि स्नेहसंमेलन कोंबलं की यातलं काहीच धड होत नाही. तीन रात्री काढा. खर्चामुळे ते जमत नसेल तर स्थळदर्शन किंवा बैठक यातलं एक सोडा, आणि वर्गणी घेतानाच सदस्यांना ते सांगून टाका.

जाणं

बसने जायचं तर इंदूर पहाटे सहाला सोडा. घाट मटकुलीनंतर सुरू होतो. तिथून छिंदवाड्याचा रस्ता वेगळा होतो आणि पचमढीचा वर चढतो. हा टप्पा उजेडातच पार व्हायला हवा. सहाला निघालात तर तीन-साडेतीनपर्यंत मटकुली आणि चारच्या सुमारास पचमढी. आठला निघालात तर डिसेंबरात घाट चढताना अंधार पडतो.

वेळ जातो तो इंदुरातच. लोकमान्यनगर, सुदामानगर, रामबाग, विजयनगर अशा चार ठिकाणी माणसं घेत गेलं की तासभर तिथेच संपतो. चढण्याची जागा एकच ठेवा आणि तीही देवास बाजूला, म्हणजे बस शहरात फिरणार नाही. पोहे-जिलेबी बसमध्येच वाटा. निघाल्यावर अर्ध्या तासात न्याहारीसाठी थांबणारी बस दिवसभर मागे पडते. पहिला थांबा आष्ट्याच्या पुढे घ्या.

साठ जणांसाठी एक मोठी आणि एक छोटी बस, किंवा सतरा आसनांच्या चार टेम्पो ट्रॅव्हलर. घाटाच्या दृष्टीने टेम्पो ट्रॅव्हलर बऱ्या, कारण त्या गावातल्या अरुंद रस्त्यांवरही चालतात. मोठी बस हॉटेलच्या दारापर्यंत जाते का, हे हॉटेलला आधी विचारा. जुन्या बंगल्यांच्या वाटा अरुंद आहेत. एवढ्या अंतराला बसमालकाकडून दोन चालक लिहून घ्या, आणि त्यांची राहण्या-जेवणाची सोय तुमच्या हिशेबात धरा. रात्रभर गाडीतच झोपलेला चालक सकाळी घाटात नको.

रेल्वेने जायचं तर उतरायचं पिपरियाला. तिथून पचमढी साधारण 50 किलोमीटर. नर्मदा एक्सप्रेस आणि इंदूर-जबलपूर ओव्हरनाइट दोन्ही पिपरियाला थांबतात. दोन्ही गाड्या मात्र अपरात्री उतरवतात. साठ माणसं सामानासकट फलाटावर उतरायला तेवढा थांबा पुरत नाही, म्हणून आधीच्या स्थानकापासूनच सामान दाराशी आणून ठेवा आणि आरक्षण दोन-तीन डब्यांत विभागलं असेल तर प्रत्येक डब्याला एक जबाबदार माणूस द्या. उतरल्यावर उजाडेपर्यंत पिपरियातच थांबा, मग घाट चढा. तिकिटांचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि एका तिकिटावर सहाच नावं बसतात, त्यामुळे यादी त्याआधी पक्की लागते. एकगठ्ठा आरक्षण हवं असेल तर मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज घेऊन आरक्षण कार्यालयात जा.

खोल्या आणि गरम पाणी

पर्यटन निगमच्या ग्लेन व्ह्यू, चंपक, अमलतास, पंचवटी, हायलँड्स अशा मालमत्ता गावात विखुरलेल्या आहेत. इंग्रजी अमदानीतले बंगले देखणे आहेत, पण त्यात खोल्या मोजक्या. साठ माणसं एका छपराखाली हवी असतील तर मोठं हॉटेल बघा. दोन ठिकाणी विभागायचं झालं तर चालत दहा मिनिटांच्या आतली जोडी निवडा, नाहीतर प्रत्येक सत्राला गाडी पाठवावी लागते. बसस्टँडजवळच्या खासगी हॉटेलांमध्ये स्वस्तात खोल्या मिळतात, सभागृह मात्र मिळेलच असं नाही.

तीन महिने आधी आरक्षण करा आणि या गोष्टी लेखी घ्या: खोल्यांची संख्या, प्रत्येक खोलीत किती जण, जादा गादीचा दर, दर करासह की करावेगळा, तळमजल्यावरच्या खोल्या किती, खोली ताब्यात मिळण्याची आणि सोडण्याची वेळ, रद्द केल्यास किती परत. ‘बघू, करू’ हे उत्तर म्हणजे नाही, असं समजा.

हिवाळ्यात सगळ्यांत मोठा गोंधळ होतो तो गरम पाण्यावरून, आणि तो साध्या गणिताने टळतो. न्हाणीघरात बहुधा 15 लिटरचा, 2 किलोवॅटचा गीझर असतो. जानेवारीत पचमढीतलं नळाचं पाणी बर्फासारखं असतं. रात्रीचं तापमान पाच अंशांच्याही खाली जातं. असं पाणी अंघोळीजोगं तापायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. खोलीत तिघं असतील तर तिघांच्या अंघोळी व्हायला सव्वा-दीड तास हवा, आणि सगळ्या खोल्यांचे गीझर एकदम लागले तर जुन्या वायरिंगचा फ्यूज उडतो. म्हणून हिवाळ्यात पहिलं सत्र साडेनऊच्या आधी ठेवू नका. तळमजल्यावरच्या खोल्यांनी सहाला आणि वरच्यांनी सातला गीझर लावायचा, असा कागद दारावर चिकटवा. काही जणांनी संध्याकाळी अंघोळ उरकली तर आणखी बरं. पाणी सौरऊर्जेवर तापत असेल तर ढगाळ दिवशी काय सोय आहे, हे विचारा.

खोल्यांचं वाटप इंदुरातच करा आणि यादी बसमध्ये वाचून दाखवा. गुडघ्याची तक्रार असलेल्यांना तळमजला, घोरणाऱ्यांना एकत्र, आजी-आजोबांच्या शेजारची खोली त्यांच्याच घरातल्यांना. हॉटेलच्या दारात उभं राहून वाटप सुरू केलं की तास जातो आणि मनं दुखावतात ती निराळीच.

सभागृह

साठ जणांना ओळीने खुर्च्या मांडून बसवायला सुमारे 600 चौरस फूट जागा पुरते. समोर टेबल हवं असेल तर 1,000 धरा. जेवणघरालाच ‘हॉल’ म्हणतात असा प्रकार असतो. तिथे अकराला भांड्यांचा आवाज सुरू होतो आणि शेवटचं व्याख्यान त्यात बुडतं. विचारायचे प्रश्न: जेवण आणि बैठक एकाच जागेत का, पडदे जाड आहेत का, जनरेटर सभागृहाला जोडलेला आहे का, माईक किती.

इंदूरहून न्यायचं सामान: प्रोजेक्टर असेल तर लांब एचडीएमआय तार, दोन एक्स्टेन्शन बोर्ड, एक तारेचा आणि एक बिनतारी माईक, त्याचे जादा सेल, सादरीकरणं उतरवून घेतलेला पेनड्राइव्ह, चिकटपट्टी, जाड स्केचपेन. ऐनवेळी लागलेली एखादी तार गावात मिळत नाही आणि पिपरियाला माणूस पाठवायचा तर येण्या-जाण्यात अर्धा दिवस जातो. ऑनलाइन बोलणारा वक्ता ठेवू नका. ठेवलाच, तर त्याचं भाषण आधी ध्वनिमुद्रित करून न्या.

सत्रं सकाळी साडेनऊ ते साडेबारा आणि रात्री जेवणाआधी तासभर. दुपार मोकळी ठेवा. डोंगरावर दुपारी दोन ते चार व्याख्यान लावलं तर श्रोते डुलक्या घेतात, आणि बाहेरचा उजेड वाया जातो. इंदुरी जेवणात दाल-बाफले ठेवायचेच असतील तर रात्रीच्या जेवणात ठेवा. दुपारी ते खाऊन कोणी सत्राला येत नाही आणि जिप्सीतही चढत नाही.

जिप्सी, परवाने, सूर्यास्त

सगळं वेळापत्रक यावर उभं आहे. धूपगड, बी फॉल यांसारख्या जागा अभयारण्याच्या हद्दीत येतात. तिथे स्वतःची गाडी जात नाही, नोंदणीकृत जिप्सी लागते आणि वनविभागाचा परवाना लागतो. परवान्याची खिडकी बायसन लॉजपाशी आहे. हे 1862 मध्ये कॅप्टन फोर्सिथने बांधलेलं घर, आता तिथे संग्रहालय आहे.

एका जिप्सीत सहा प्रवासी. साठ माणसांना दहा जिप्सी, आणि त्या सगळ्या एकाच वेळी हव्यात. भाडं गाडीमागे असतं, माणसामागे नाही, म्हणून चार जणांची गाडी परवडत नाही. हॉटेलमार्फत किंवा थेट जिप्सीवाल्यांशी बोलून पंधरा दिवस आधी सांगून ठेवा. अर्ध्या दिवसाचं भाडं की पूर्ण दिवसाचं, त्यात कोणत्या जागा येतात, परवान्याचे पैसे वेगळे का, हे तिन्ही विचारा. दर आणि वेळा बदलतात, मागच्या वर्षीच्या गटाचा आकडा धरून वर्गणी ठरवू नका.

सगळ्यांच्या ओळखपत्रांच्या छायाप्रती दोन संच करून न्या आणि सहा-सहांच्या गठ्ठ्यात, जिप्सीच्या क्रमाने लावा. वरती गाडी क्रमांक, सहा नावं, वयं आणि गटप्रमुखाचा फोन. खिडकीवर साठ कागद विस्कळीत दिले की अर्धा तास जातो. असे लावून दिले की काम पटकन होतं. दोन माणसं सकाळी लवकर जाऊन परवाने काढतील, बाकीच्यांनी न्याहारी करावी.

सहांचे गट मैत्रीवर नको, चालण्याच्या वेगावर करा. बी फॉलला पायऱ्या उतरून जावं लागतं. उतरताना सगळे हसत जातात, परत चढताना दम लागतो. एका गाडीत पाच तरुण आणि एक गुडघेदुखीवाले काका असले की पाचही जण खोळंबतात आणि काका ओशाळतात. सावकाश चालणाऱ्यांच्या दोन गाड्या वेगळ्या काढून त्यांना पांडव गुंफा, हांडी खो आणि जटाशंकर दाखवा. चौरागडाच्या पायऱ्या हजाराहून जास्त आहेत. तो कार्यक्रम स्वतंत्र सकाळी, ज्यांची तयारी आहे त्यांच्यापुरताच ठेवा.

धूपगड सुमारे 1,350 मीटर, सातपुड्यातलं सर्वांत उंच शिखर. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, मेमध्ये पावणेसातनंतर. शेवटची गाडी किती वाजता वर सोडतात हे परवाना घेतानाच विचारून लिहून ठेवा आणि त्या वेळेच्या तासभर आधी हॉटेल सोडा. हिवाळ्यात याचा अर्थ तीनला निघायचं. परतताना उघड्या जिप्सीत वारा अंगात शिरतो, मार्चमध्येसुद्धा. शाल आणि कानटोपी प्रत्येकाच्या हातात आहे का, हे गटप्रमुखाने बघायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या सत्रात खोकलेच ऐकू येतात.

जेवण

पहिल्या रात्री मूगडाळीची खिचडी, कढी, पापड. घाटाने ढवळलेल्या पोटाला पक्वान्न सोसत नाही. मंडळाचा आचारी नेत असाल तर साठ जणांना 5 किलो तांदूळ आणि अडीच किलो मूगडाळ पुरते. या उंचीवर पाणी 96-97 अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ लवकर मऊ होत नाही. ती दोन तास भिजवा आणि कुकरमध्ये दोन शिट्ट्या जास्त द्या. गॅसचं सिलिंडर प्रवासी बसमधून कधीच नेऊ नका. गावातूनच सोय करा किंवा हॉटेलच्या स्वयंपाकघराशी ठरवा.

चहा एका वेळी साठ कप म्हणजे दूध 4 लिटर, पाणी 4 लिटर, साखर 600 ग्रॅम, पावडर पाव किलोच्या आत. दूध आणि भाजी आदल्या संध्याकाळी सांगून ठेवावी लागते. माल खालून, पिपरियाकडून येतो. चहा-न्याहारी अंगणात मांडू नका, माकडं पाच मिनिटांत ताट साफ करतात. जिप्सीतही पिशवी उघडी नको.

प्रकृती आणि नियम

घाटात मळमळणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी मटकुलीच्या तासभर आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उपयोगी पडत नाही. आलेपाकाच्या वड्या आणि कागदी पिशव्या बसमध्ये पुढच्या दोन ओळींत ठेवा. वर्गणीच्या पावतीबरोबरच रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, चालू गोळ्या आणि घरचा फोन एका कागदावर मागून घ्या. पचमढीत सरकारी दवाखाना आहे, पण गंभीर रुग्णाला खाली पिपरिया आणि पुढे नर्मदापुरम-भोपाळकडे न्यावं लागतं. तेवढ्यासाठी एक मोटार सगळे दिवस वेगळी, भरलेल्या टाकीनिशी ठेवा. हा खर्च वाचवू नका.

गाव छावणीचं आहे आणि चहूबाजूंनी अभयारण्य. लष्करी भागात फोटो आणि ड्रोन नाही. ध्वनिक्षेपक रात्री दहा ते सकाळी सहा बंद, हा कायदा आहे. शेकोटी हॉटेलने परवानगी दिलेल्या जागेतच. गाण्याचा कार्यक्रम साडेसातला सुरू करून साडेनऊला आटपा.

पैसे आणि परतणं

वर्गणीच्या हिशेबात बस, खोल्या, जेवण, सभागृह, जिप्सी-परवाने ही खाती वेगळी मांडा आणि एकूण रकमेवर दहा टक्के अचानक खर्चासाठी धरा. अर्धी रक्कम नाव देताना, उरलेली तीस दिवस आधी. साठ नावांतली चार-सहा गळतात. त्यांची जागा भरली गेली तरच पैसे परत, असं पावतीवरच छापा. पैशाचा व्यवहार एकाच माणसाच्या हाती ठेवा, आणि त्याच्याकडे रोख रक्कमही हवी, कारण जंगलाच्या भागात मोबाइलचं नेटवर्क जातं तेव्हा यूपीआय चालत नाही.

परतीच्या आदल्या रात्रीच हॉटेलचं बिल तपासा, जादा गाद्या आणि चहाचे कप मोजून घ्या. सकाळी आठला बस सुटायला हवी, आणि दहा मिनिटं आधी प्रत्येक गटप्रमुखाने आपले सहा मोजलेले हवेत. न्याहारीची पुडकी बसमध्ये द्या, पण घाट उतरून मटकुली ओलांडल्यावरच. इंदूरला पोहोचायला संध्याकाळचे सहा वाजतात. सोनकच्छ आलं की सगळ्यांना घरी फोन करायला सांगा. तिथून दीड-दोन तास लागतात, तेवढ्या वेळात न्यायला येणारी माणसं उतरण्याच्या जागी पोहोचतात आणि वयस्कर मंडळींना अंधारात रिक्षा शोधत उभं राहावं लागत नाही.